हॉकी घेऊन कुठं चाललाव?

आमच्या लातुरात हॉकी हा खेळ नव्हता, हत्यार होतं. गॅदरिंगमध्ये वाजलं की कुणीतरी "हॉक्या काढा रे!" म्हणून ओरडायचं आणि पाच-सहा हॉक्या निघायच्याही. चेंडू मात्र कुणी कधी बघितला नव्हता. त्यामुळं 16 सप्टेंबर 1995 च्या शनिवारी पहाटे आम्ही अकरा जण आठ हॉक्या घेऊन नांदेडच्या एसटीत चढलो, तेव्हा कंडक्टरनं तिकिटाआधी विचारलं, "कुणाला माराय चाललाव?"

संघ निघाला तो गुणांच्या हिशोबातून. 17 सप्टेंबर 1994 ला, मुक्तिसंग्रामदिनी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं विद्यापीठ झालं आणि आमचं कॉलेज औरंगाबादकडून तिकडं गेलं. आमच्यातला एक हुशार म्हणाला, नव्या विद्यापीठात हॉकीचे संघ असून असून असणार किती? दोन बाय मिळाले की न खेळता सेमीफायनल. सेमीफायनल म्हणजे सर्टिफिकेट, सर्टिफिकेट म्हणजे वाढीव गुण. लातूर पॅटर्न काय फक्त बारावीच्या वर्गात होता? घोळ केला तो क्रीडाशिक्षकांनी. सीझन सुरू व्हायच्या आधी सराव पाहिजे म्हणून त्यांनी नांदेडच्या एका कॉलेजशी शनिवार-रविवार दोन सामने ठरवून टाकले. म्हणजे खेळायचं आलं.

अहमदपूरला चहा झाला. पुढं माळेगाव जवळ आल्यावर शेजारच्या धोतरवाल्या बाबांनी माझी हॉकी हातात घेतली, वाकडं टोक निरखलं आणि म्हणाले, "खंडोबाच्या जत्रंला अजून लई टाइम हाय की! जनावरं हाकाय आत्ताच निघालाव?"

नांदेडला उतरलो आणि आक्रीत घडलं. स्टँडबाहेर एका सरदारजी रिक्षावाल्यानं हॉक्या बघितल्या आणि आदबीनं विचारलं, "मॅच कुणासोबत हाय?" मारामारी नाही, मॅच! बरोबरच आहे म्हणा. हे हुजूर साहिबचं गाव. इथं गुरू गोबिंदसिंघजींच्या नावानं अखिल भारतीय गोल्ड कप होतो, देशभरातले संघ येतात. दीडशे किलोमीटरही नसतील, पण तेवढ्यात त्याच काठीची अब्रू बदलली होती. आमची बदलायची राहिली होती.

मैदान काळ्या मातीचं, त्यात रात्री पाऊस झालेला. 1976 च्या मॉन्ट्रिआल ऑलिंपिकपासून जगाची हॉकी कृत्रिम गवतावर गेली आणि भारत तिथं सातवा आला, हे क्रीडाशिक्षकांनी आम्हाला धीर द्यायला सांगितलं. माझं दुखणं वेगळं होतं. मी डावखुरा. हॉकी एकाच बाजूनं चपटी असते, त्याच बाजूनं मारायचं आणि डावखुऱ्यांसाठी वेगळी काठीच नसते, हे मला शिट्टी वाजायला लागल्यावर कळलं. चौथ्या शिट्टीला पंच म्हणाले, "बेटा, तू नुसता पळ."

आमचा फुलबॅक कबड्डीतून आणलेला. त्यांचा फॉरवर्ड आमच्या हद्दीत शिरला की याच्या लेखी तो चढाईला आलेला असे. त्यानं दोनदा घोटा धरला. दुसऱ्यांदा तर "कबड्डी, कबड्डी" कोण म्हणत नाही म्हणून पंचांकडं तक्रारही केली. गोलकीपरला क्रिकेटची पॅडं आणि सरांच्या स्कूटरचं हेल्मेट. हेल्मेटची काच खाली केली की धुकं धरायचं, वर केली की चिखल यायचा. त्यानं धुकं पसंत केलं. कडेला बसलेले एक पांढऱ्या दाढीचे सरदारजी सत्तर मिनिटं कळवळून ओरडत होते, "काहून इतकं आवळून धरलालास रे? काठी हाय, चोर न्हाई!"

अकरा–शून्य.

संध्याकाळी डोक्याला रुमाल बांधून गुरुद्वाऱ्यात गेलो. लंगरच्या पंगतीत मान खाली घालून बसलो होतो, तर रोट्यांची टोपली घेऊन समोर कोण? त्यांचा सेंटर फॉरवर्ड, दुपारी एकट्यानं पाच मारलेला. तिथं रोटी दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायची असते. आमच्या गोलकीपरनं घेतली. दिवसभरात त्याच्या हाती लागलेली ती पहिली वस्तू. "अजून एक?" फॉरवर्डनं विचारलं. गोलकीपर दचकून म्हणाला, "नको, अकरा बस झाले."

रविवारी सकाळी झेंडावंदन झालं, मग दुसरा सामना. आमचे दोघे पाय सुजून बसलेले, म्हणून त्यांनी मोठ्या मनानं आपले दोन राखीव खेळाडू आम्हाला उसने दिले. त्यातल्याच एकानं आमचा गोल केला. सहा–एक. त्या गोलनंतर आम्ही त्याला खांद्यावर घेऊन नाचलो; पोरगं पार ओशाळलं होतं.

प्राचार्यांनी गुरुवारी अकराला संघाला बोलावलं होतं. खर्चाचा हिशोब आणि निकाल, दोन्ही घेऊन या, असा निरोप. गेलो तर केबिनला कुलूप. शिपाई म्हणाला, "सर देवळाकडं गेलेत. गणपती दूध पेलालाय!" तो 21 सप्टेंबर, अख्खा देश त्या दिवशी वाट्या घेऊन रांगेत उभा होता. आम्हीही गेलो. आमच्या पुढं चार माणसं सोडून प्राचार्य, एका हातात दुधाची वाटी, दुसऱ्या हातात चमचा. त्यांनी मागं वळून बघितलं.

"काय रे, नांदेडला कितवा नंबर आला?"

कॅप्टननं क्षणभर विचार केला. "दुसरा, सर."

"वा!" म्हणाले, आणि रांग पुढं सरकली.