परदेशातला डबलसीट

फुकेत, बाली किंवा दा नांगला उतरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या टेबलावरच "टॅक्सीला एवढे पैसे? छे!" असे म्हणून जो उठतो आणि हॉटेलसमोरच्या दुकानातून स्कूटर भाड्याने घेतो, तो पर्यटक या वर्गात मोडतो. कपाळावर गॉगल, पायांत फ्लोटर्स, हातात मोबाइल घेऊन मागे बसलेली पत्नी, आणि वाहन बहुधा होंडा क्लिक किंवा यामाहा एनमॅक्स. थायलंडमध्ये भाडे दिवसाला साधारण २०० ते ३०० बाट पडते. बालीत हाच आकडा ७०,००० रुपियाच्या आसपास ऐकून तो दचकतो, मग दोनशेने भागतो आणि सावरतो.

त्याच्या आत्मविश्वासाचा उगम एका सिद्धान्तात आहे: ज्याने पुण्यात गाडी चालवली, तो जगात कुठेही चालवेल. सिद्धान्त अगदीच निराधार नाही. ऐन गर्दीत लक्ष्मी रस्त्यावरून दुचाकी सहीसलामत बाहेर काढायला कौशल्य लागतेच; पण ते अंग चोरणे, कट मारणे आणि समोरच्याकडे डोळे वटारणे या प्रकारचे असते. चिआंग माईहून पाईला जाणाऱ्या घाटरस्त्याला ७६२ वळणे आहेत, असे तिथले टी-शर्टसुद्धा सांगतात. तिथे डोळे वटारायला समोर कोणी नसते. असते ते वळण, आणि वळणावरची बारीक खडी. त्यात गिअर नसलेली गाडी. उतारभर ब्रेक दाबून धरला की तो तापतो आणि धरेनासा होतो. थायलंडमध्ये रस्त्यावर मरणाऱ्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश दुचाकीवरचे असतात, पण आकडेवारी ही इतरांविषयी असते यावर या पर्यटकाची श्रद्धा असते.

परवान्याचा विषय त्याला मुळातच आवडत नाही. आंतरराष्ट्रीय परवाना त्याच्याच गावच्या आरटीओत मिळतो. नमुना ४-अ भरायचा, हजार रुपये शुल्क द्यायचे, की वर्षभराची सोय होते. मात्र त्यावर दुचाकीची नोंद हवी. नुसत्या मोटारीच्या परवान्यावर स्कूटर चालवता येत नाही. तो हे सगळे ऐकून घेतो आणि म्हणतो, "तिकडे कोण विचारतंय?" दुकानदार खरोखरच विचारत नाही. तो फक्त पासपोर्ट मागतो आणि हा देऊनही टाकतो. भाड्यात वीस बाट कमी करायला अर्धा तास घासाघीस करणाऱ्या या गृहस्थाला, अनामत रोखीत ठेवून पासपोर्टची फक्त झेरॉक्स द्यावी, किंवा गाडीवरचे जुने ओरखडे आधी मोबाइलवर टिपून घ्यावेत, हे मात्र सुचत नाही. गाडी परत करताना ते सगळे ओरखडे त्याच्या नावावर लागतात आणि पासपोर्ट तोवर दुकानदाराच्या खणात असतो.

यातल्या सज्जन पोटजातीची फजिती वेगळीच. हा रीतसर परवाना काढून व्हिएतनामला जातो. पण भारताचा परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार निघतो आणि व्हिएतनाम मानते १९६८ च्या व्हिएन्ना कराराचा. म्हणजे ५० सीसीच्या वरच्या गाडीवर बसताक्षणी हा सज्जनही विनापरवानाच ठरतो. शिवाय तिथली वाहतूक उजवीकडून चालते. हनोईच्या गर्दीत त्याचे चुकत नाही, कारण गर्दीच त्याला वाहून नेते. तो चुकतो पेट्रोल पंपावरून मोकळ्या रस्त्यावर येताना. हात आपोआप डावीकडे वळतो आणि समोरून येणारा ट्रकच राँग साइडने येतो आहे असे त्याला प्रामाणिकपणे वाटते.

हेल्मेटशी त्याचे नाते तात्त्विक आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ १९८८ पासून असूनही, २०१९ च्या जानेवारीत पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चा निघाला होता. त्या परंपरेचा वारस फुकेतमध्ये हेल्मेट घेतो खरे, पण कोपरात अडकवतो. घातलेच तर पट्टा मोकळा. म्हणजे आदळण्याच्या क्षणी डोके एका दिशेला आणि हेल्मेट दुसऱ्या. मागे बसणाऱ्यालाही थायलंड, इंडोनेशिया आणि व्हिएतनाम या तिन्ही देशांत हेल्मेट बंधनकारक आहे, हे पत्नी त्याला वाचून दाखवते. "अहो, इथे लिहिलंय," इथपर्यंतच तिचे बोलणे ऐकले जाते. पुढे नाक्यावर पोलीस थांबवतात. दंडाची पावती तो जपून ठेवतो, कारण दिवसभर तीच परवाना म्हणून चालेल अशी त्याची समजूत असते.

बालीचे राज्यपाल वायन कोस्तर यांनी २०२३ मध्ये परदेशी पर्यटकांना दुचाक्या भाड्याने देणे बंद करण्याची घोषणा केली, तेव्हा ती गोऱ्यांबद्दल असल्याचे त्याने गृहीत धरले. पुढे ती बंदी अमलात आली नाही, म्हणून चांगूच्या भातखाचरांमधून जाणाऱ्या चिंचोळ्या आडवाटेवर, समोरून दुसरी स्कूटर आली की चिखलात उतरणाऱ्यांत तोही असतो. सर्वांत सामान्य इजा मात्र उजव्या पोटरीची: उजव्या बाजूने उतरताना तापलेल्या सायलेन्सरला पाय टेकतो. त्यावर थंड पाणी सोडायचे असते. तो टूथपेस्ट लावतो.

खरी परीक्षा हाड मोडल्यावर होते. प्रवास विमा असतो, पण वैध परवाना नसला किंवा पोटात बिअर असली तर सहसा कंपनी पैसे देत नाही. व्हिएतनाममध्ये तर २०२० पासून गाडी चालवणाऱ्याला दारूचा थेंबही चालत नाही. काही पॉलिसींत दुचाकीच वगळलेली असते, तेही बारीक अक्षरांत. दुकानदाराने विचारला नाही, पोलिसाने दंडावर भागवले, तो प्रश्न अखेर दाव्याच्या अर्जात छापील स्वरूपात समोर येतो: वाहनचालक परवाना क्रमांक. गळ्यात हात अडकवलेला हा पर्यटक डाव्या हाताने, वेळ घेऊन, त्या रकान्यात लिहितो: 'लागू नाही'.