घरबसल्या शिका जागतिक बाजार (जळकोट आवृत्ती)

जागतिक बाजारपेठ कळण्यासाठी न्यूयॉर्कला जावं लागतं हा गैरसमज आधी काढून टाका. जळकोट पुरेसं आहे.

साहित्य : खळ्यावरून घरात आलेले पाच-पन्नास कट्टे सोयाबीन, चार्जिंग असलेला मोबाइल, कृषी सेवा केंद्राची उधारी आणि पोराच्या दप्तरातला जगाचा नकाशा. अर्थशास्त्राची पदवी असली तरी चालेल. वर्ग सुरू असताना ती खिशात ठेवावी.

पाठ पहिला : शेजार ओळखा

जमिनीचं जुनं खरेदीखत काढा. त्यात चतुःसीमा लिहिलेल्या असतात : पूर्वेला चुलता, पश्चिमेला ओढा, वगैरे. एक नाव लिहायचं राहून गेलंय, ते पेन्सिलीने घाला : अर्जेंटिना.

तुमचं सोयाबीन उदगीरला नाहीतर लातूरला जातं आणि तिथून प्लांटला. प्लांटमध्ये क्विंटलमागे साधारण अठरा किलो तेल निघतं. उरते ती मुख्यतः पेंड, व्यापाऱ्यांच्या तोंडी डीओसी. तेल माणसं खातात, पेंड कोंबड्या. आता गंमत अशी की देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफुलाचं रशिया-युक्रेनमधून. तुमच्या सोयाबीनचा भाव या मंडळींच्या भावाशी बांधलेला. त्यांनी बांध कोरला तर तहसीलात अर्ज चालत नाही.

पाठ दुसरा : युद्ध कसं वाचावं

कोण बरोबर, कोण चूक हे टीव्हीवाल्यांवर सोडा. आपण दोनच गोष्टी बघायच्या : भांडण चाललंय तिथे पिकतं काय, आणि ते कोणत्या पाण्यातून बाहेर पडतं.

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. काळ्या समुद्रातली बंदरं अडली, सूर्यफूल तेल अडकलं, आणि लातूरच्या बाजारात सोयाबीन सात हजारांच्या वर गेलं. (आपल्याकडेही एकेकाळी सूर्यफुलाची रानं होती. ती सोयाबीनने घेतली. ती राहिली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा.) एप्रिलच्या शेवटी इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली. भाव अजून चढणार म्हणून कट्टे न विकता ठेवलेल्यांनी चहा पाजला. मे महिन्यात निर्यात पुन्हा सुरू झाली, आणि त्याच सुमारास आपल्या सरकारने दोन वर्षं दरवर्षी वीस लाख टन सोयातेल आणि तितकंच सूर्यफूल तेल आयात शुल्काविना आणायला परवानगी दिली. चहा पाजणारे दिसेनासे झाले.

युद्ध खतातूनही येतं. पालाश सगळं बाहेरून आणावं लागतं, आणि ते पुरवणाऱ्यांत रशिया आणि बेलारूस. डीएपीवर चीन मनाला येईल तेव्हा निर्यातीचा लगाम ओढतो. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तशी बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. तरी डीएपीच्या पोत्यावर किंमत १३५० रुपयेच. सरकारने अनुदान देऊन ती धरून ठेवली आहे, आणि हे चांगलंच आहे. फक्त पोतं मिळत नाही. मिळालं तर लिंकिंगमध्ये मिळतं : डीएपी पाहिजे असेल तर सोबत नॅनो युरियाची बाटली घ्या. तांबड्या समुद्रातलं क्षेपणास्त्र जळकोटात पोचतं ते या बाटलीच्या रूपाने. बाटली फेकू नये, पुढच्या पाठात लागत नाही तरी.

पाठ तिसरा : अधिसूचना

हा पाठ सगळ्यात मोठा. युद्ध कधीमधी होतं, अधिसूचना बारमाही.

जुलै २०२१ च्या अखेरीस सोयाबीन दहा हजारांवर गेलं. नवशिक्याला वाटेल, शेतकरी मालामाल. नवशिक्याने शेतात जाऊन यावं. त्या दिवसांत सोयाबीन फुलात असतं, नाहीतर नुकत्या शेंगा धरत असतं. विकायला असतो तो व्यापाऱ्याच्या गोदामातला माल, आणि तुरळक एखाद्या धीराच्या माणसाचा. कोंबडीवाल्यांना पेंड परवडेना, म्हणून त्यांनी दिल्लीत गाऱ्हाणं घातलं. ऑगस्टमध्ये केंद्राने बारा लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली, तीही जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची. जीएम सोयाबीन आपल्या शेतात पेरायला बंदी आहे, पण त्याची पेंड उगवत नसल्यामुळे आणता येते. ऑक्टोबरात तुमचा माल खळ्यावर आला तेव्हा भाव निम्म्यावर होता.

डिसेंबरात बाजार नियामक सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे बंद केले आणि ती मुदत पुन्हा पुन्हा वाढवत नेली. पुढच्या महिन्यांचा भाव सांगायचं काम तेव्हापासून बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीकडे आलं.

आता उलटी बाजू. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण आयात शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीसवर नेलं. शेतकऱ्यासाठीच नेलं, आणि किराणा दुकानात तेलाची पिशवी लगेच महागलीही. शेतात सोयाबीन काढणाऱ्या बाईला ती वाढ दिवाळीच्या तळणात लागली. सोयाबीन मात्र हमीभाव ४८९२ असताना चार-सव्वाचार हजारांच्या आसपास रेंगाळत राहिलं. कारण पेंड. मक्यापासून इथेनॉल काढायचं धोरण आलं, त्यातून उरणारा चोथा कोंबडीखाद्य म्हणून स्वस्तात मिळू लागला आणि आपली डीओसी पडून राहिली. एका मंत्रालयाने तेलाकडून दोर वर ओढला, दुसऱ्याच्या धोरणाने पेंडेकडून खाली. दोन्ही धोरणं कागदावर शेतकऱ्याच्याच हिताची होती, यात मला शंका नाही.

मे २०२५ च्या शेवटी, तुम्ही बियाणं निवडत असताना, कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण शुल्क साडेसोळा टक्क्यांवर आलं. सप्टेंबरात, काढणी तोंडावर असताना, अर्जेंटिनाने धान्य आणि तेलबियांवरचा निर्यात कर काही दिवसांपुरता शून्य केला. सात अब्ज डॉलरची मर्यादा ठेवली होती, ती तीन दिवसांत भरली. तिकडे चीन अमेरिकेचं सोयाबीन घ्यायला तयार नव्हता. याच दिवसांत इकडे अतिवृष्टीने मराठवाड्यातली रानं पाण्याखाली होती. पीक गेलं की भाव वाढतो असं पुस्तकात असतं. पण मराठवाडा बुडाला म्हणून शिकागोच्या वायदेबाजाराला ओल लागत नाही.

तुरीचा अभ्यास याच पद्धतीने करावा. फक्त नकाशात म्यानमार, मोझांबिक आणि टांझानियावर खूण करा. मे २०२१ मध्ये तुरीची आयात मोकळी झाली, आणि डिसेंबर २०२३ पासून जवळपास दोन वर्षं पिवळा वाटाणाही शुल्काविना येत होता.

पाठ चौथा : प्रात्यक्षिक

कट्टे भरा, आडतीवर जा. सौदा होईपर्यंत काही बोलू नका. मग विचारा :

“मालक, काय म्हणायलाय बाजार?”

“नरम हाय.”

“का बरं?”

“वरूनच नरम हाय.”

मालकांचं बोट छताच्या पंख्याकडे असेल, पण त्यांना शिकागो, क्वालालंपूर आणि दिल्ली म्हणायचं असतं. वाद घालू नका, ते खरं बोलत असतात. खोटं शोधायचंच असेल तर मॉइश्चर मीटरकडे बघा.

हमीभावाने घालायचं असेल तर आधी नोंदणी, मग मेसेजची वाट, मग केंद्रावर ओल बारा टक्क्यांच्या आत. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेच्या मतदानाच्या तोंडावर ही मर्यादा त्या हंगामापुरती पंधरा टक्के केली गेली. निवडणुकीने वाळणारी ही बहुधा जगातली एकमेव ओल.

स्वाध्याय

१. इंडोनेशिया पामतेलावर निर्बंध घालतो, चीन अमेरिकेशी समेट करतो आणि दिल्लीत शुल्क वाढतं. तिन्ही बातम्यांनी भाव वाढायला हवा. तुम्ही दिवाळीआधी उधारी फेडायला माल विकला असेल तर तुमचा नफा काढा.

२. भाव दहा हजार असताना अधिसूचना निघायला लागलेले दिवस आणि भाव चार हजार असताना निघायला लागलेले दिवस यांचं गुणोत्तर मांडा. भागाकार संपत नसेल तर पाटी पुढच्या हंगामात आणावी.

३. वरच्यापैकी कोणत्या घटनेने तुमच्या हिशेबपट्टीवरची हमाली आणि तोलाई कमी झाली? शोधा. पट्टी दोन्ही बाजूंनी बघितली तरी चालेल.