82 लाख लिटर बेपत्ता

रत्नागिरीचा माणूस हिशेबाला पक्का. आंब्याच्या पट्टीत पन्नास रुपये कमी दिसले तर वाशीच्या दलालाला फोनवर सोलून काढेल. त्यालाच विचारा, शीळ धरणातून नळाला आलेलं पाणी वापरून झाल्यावर कुठे जातं? तो गडग्यापलीकडे हात करतो.

2011 च्या जनगणनेत शहराची वस्ती 76 हजारांच्या घरात. माणशी 135 लिटर पाणी आणि त्यातलं 80 टक्के सांडपाणी, हे सरकारी गणित. म्हणजे रोज सुमारे 82 लाख लिटर. एवढा ऐवज रोज घराबाहेर पडतो आणि कोणी पावती मागत नाही!

सगळं सेप्टिक टँकमध्ये जातं, अशी आपली श्रद्धा. पण ती टाकी म्हणजे काही शुद्धीकरण केंद्र नव्हे. जड मैला तळाशी बसवायचा आणि वरचं पाणी पुढे ढकलायचं, एवढीच तिची नोकरी. पुढे म्हणजे शोषखड्ड्यात. तो नसेल तर गटारात. गाळ दोन-तीन वर्षांनी उपसायचा असतो. आपण उपसतो ते पाणी उलटं घरात यायला लागल्यावर, किंवा गणपतीला मुंबईची पन्नास माणसं येणार म्हटल्यावर. काही टाक्यांवर आता टाइल्स बसल्यात. शेजारची जास्वंद मात्र बारमाही फुलते.

खाली जांभा. सच्छिद्र दगड. पाऊस पितो, श्रावणात विहीर काठोकाठ भरून देतो, म्हणून त्याचं कौतुक. शोषखड्ड्यातलं पाणीही तो तेवढ्याच मोठ्या मनाने विहिरीला पोचवतो. खड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान 18 मीटर लांब हवा, असं मानक आहे. दोन गुंठ्यांत घर, विहीर, खड्डा आणि गाडीची शेड बसवल्यावर 18 मीटर आणायचे कुठून? शेजाऱ्याच्या आवारातून. शेजारीही हाच हिशेब करून बसलेला.

जुन्या घरांत न्हाणीचं पाणी अळूला नि केळीला जायचं. चौथ्या मजल्यावर अळू कुठे लावणार? फ्लॅटच्या जाहिरातीत ‘सी व्ह्यू’ असतो. इमारतीच्या सांडपाण्याची नजरही तिकडेच. ते पऱ्ह्याने जातं आणि खाडी गाठतं. खाडीला दिवसातून दोनदा ओहोटी लागते. इतकी नेमाची सफाई कोणत्याही पालिकेने आजवर दिलेली नाही.

चिपळूणला तर साक्षात कोयना मदतीला आहे. वीज करून सुटलेलं, वर्षाला सुमारे 67 टीएमसी पाणी वाशिष्ठीत येतं. एवढं पाणी घालूनही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत वाशिष्ठी आहेच, खेर्डी ते दळवटणे. शिव्या घालायला कारखाने आहेत, तेवढं बरं. त्यातले काही शिव्यांना पात्रही आहेत. पण रंगीत पाण्यावर मोर्चा निघतो, आपल्या घरच्या बिनरंगी पाण्यावर कोण काढणार?

घाटापलीकडे वाईने 2018 पासून एक बिनशोभेचं काम केलं. मालकाने बोलावण्याची वाट न बघता, वेळापत्रक लावून, दर तीन वर्षांनी प्रत्येक टाकी उपसायची आणि मैला टँकरने प्रक्रिया केंद्रात न्यायचा. ना भूमिपूजन रंगतं, ना फीत कापायला जागा. आमच्याकडे पुढाऱ्यांना भुयारी गटार आवडतं. जांभा फोडत जाणारं, कोट्यवधींचं, निवडणुकीआधी नारळ फोडण्याजोगं. एक टँकर जास्त घ्यायला मात्र कोणी हट्ट धरत नाही, आणि सुरक्षा साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी असली तरी तशी माणसं अजून शोधली जातातच.

शिवाय वाईसारखं करायचं तर आधी घरोघर जाऊन टाक्या मोजाव्या लागतील. जाऊन बघा. ‘टाकी कुठे आहे?’ म्हणून विचारलंत, की पडवीतून आवाज येईल, “घरपट्टी वाढवायला आलाव काय?”