बिघडवायचं, पण नीट

गायक मार्टी रॉबिन्सच्या १९६१ साली गाजलेल्या एका गाण्याच्या नॅशव्हिलमधल्या ध्वनिमुद्रणात मिक्सरचा एक चॅनेल बिघडला आणि बास गिटार फाटक्या आवाजात घुरघुरली. कुणीही शहाण्याने मेकॅनिक बोलावला असता. इथे दुसऱ्या वर्षी तो बिघाड डबीत भरून 'मेस्ट्रो फझ-टोन' नावाने विकायला आला!

गिटारचा आवाज असाच फाडणाऱ्या १९६६ च्या 'फझ फेस' पेडलमध्ये तर जेमतेम अकरा सुटे भाग. त्यामुळे सोल्डरिंग आयर्न हाती धरता येणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, हे काय, घरी करू. मग सुट्या भागांसाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या फेऱ्या सुरू. जर्मेनियमचाच ट्रान्झिस्टर हवा. सिलिकॉनचा कितीही सरळमार्गी असला तरी नको. जर्मेनियममधून करंट गळतो, उकाडा वाढला की जास्तच गळतो. आधीच उल्हास, त्यात मुंबईचा मे महिना. सर्किटमधल्या दोनपैकी दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर साधारण साडेचार व्होल्ट हवेत. मीटर दुपारी एक दाखवतो, रात्री भलतंच. घरचे विचारतात, "बिघडलंय का?" छंदिष्ट कपाळाला हात लावून सांगतो, "नाही ना! हवं तसं बिघडतच नाहीये."

या छंदिष्टांना एकच विनंती. पीएनपी ट्रान्झिस्टर लावला असेल, तर मूळ सर्किटमध्ये बॅटरीची धन बाजू अर्थला जाते. तेव्हा ट्रान्झिस्टरला, विक्रेत्याला आणि हवामानाला शिव्या घालण्याआधी बॅटरी उलटी तर जोडली नाही ना, एवढं बघा.