कळवा की सगळ्यांस्नी!

पावसाळ्यात कोल्हापूरच्या माणसाला एक आकडा सांभाळावा लागतो: राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी. 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका. आम्ही कसबा बावड्याचे, बंधारा आमच्याच शिवारात. त्यामुळे पै-पाहुण्यांना हा आकडा फोनवरून पुरवायचं कामही आमच्याकडंच. मी ज्या पतसंस्थेची मशीनं सांभाळतो तिचा सर्वर तळमजल्यावर होता. 2019 च्या महापुरानंतर तो वर हलवायचा विषय संचालक मंडळाच्या विचाराधीन आला, आणि 2021 ला पुन्हा पाणी आल्यावर विचारातून बाहेर पडला. सहकारात याला तातडीचा निर्णय म्हणतात.

नवा सर्वर वरच्या मजल्यावर बसला. हार, नारळ, पेढे झाले. चेअरमनसाहेब म्हणाले, "आता जुना बंद करून टाका. लाईटबिल तरी वाचंल."

"बंद करून कसं चालंल, साहेब? शाखांतली सगळी मशीनं अजून त्यालाच विचारत्यात."

"मग पत्ता बदललाय म्हणून कळवा की सगळ्यांस्नी! त्यात काय एवढं?"

त्यात एवढंच की, प्रत्येक मशीनमध्ये एजंट नावाचा एक छोटा प्रोग्रॅम मुक्कामाला असतो. अपडेट आणणं, प्रिंटर जोडून देणं, कुणी गुपचूप गेम टाकला तर त्याची चुगली करणं, ही त्याची कामं. तो बोलतो फक्त आपल्या सर्वरशी आणि ऐकतोही त्याचंच. नव्या सर्वरनं कितीही हाका मारल्या तरी हा ढिम्म. फुटबॉलच्या मॅचला पाटाकडीलच्या कट्टर समर्थकाला शाहू स्टेडियमवर शिवाजी मंडळाच्या पोरांत बसवून बघा, म्हणजे अंदाज येईल. 'उद्यापासून तिकडं जा' हा हुकूम जुन्या सर्वरच्याच तोंडून निघावा लागतो, आणि शेवटच्या मशीनला तो पोचेस्तोवर जुन्याला जिवंत ठेवावं लागतं. पण नारळ फुटल्यावर हे ऐकायला कोण थांबतंय? पेढे संपले होते.

त्यात माझ्या आधीच्या गड्यानं प्रत्येक एजंटमध्ये सर्वरचं नाव न घालता थेट आकडी पत्ताच कोरून ठेवलेला. नाव घातलं असतं तर त्यामागचा आकडा एका जागी बदलला की काम बरंचसं आटोपलं असतं. मग हा लेखही लिहावा लागला नसता, तेव्हा वाचकांनी त्याच्या नावानं हवं ते म्हणावं.

घरात बसून हुकूम सोडला. विंडोजची मशीनं डोमेनचे नियम विचारायला साधारण दर 90 मिनिटांनी येतात, आणि वर 30 मिनिटांपर्यंत वाटेल तेवढा उशीर करतात. सगळ्यांनी एकदम दारात गर्दी करू नये म्हणून हा उशीर मुद्दाम ठेवलेला आहे. आमचे एजंटही त्याच वळणाचे. लाईन बाजार आणि शिरोली जेवणाच्या सुट्टीपर्यंत नव्या घरी दाखल झाले, चंदगड संध्याकाळी. राधानगरीची सगळी मशीनं मात्र पडद्यावर मिळून एकच दिसायची! एका डिस्कच्या नकला सगळ्यांत उतरवल्यामुळं त्यांचा ओळख क्रमांकही एकच झालेला. एक हजर झालं की दुसरं गडप.

कागलच्या मशीननं नव्या सर्वरला दारातूनच परत पाठवलं. त्याच्या आतली नाण्याएवढी बॅटरी मेलेली, त्यामुळं त्याच्या लेखी साल 2009 चालू होतं. सर्वरचं प्रमाणपत्र बघून ते म्हणालं, हे तर अजून जन्मलेलंच नाही. त्याच्या हिशेबानं महापूर यायलाही अजून दहा वर्षं होती. क्षणभर वाटलं, तारीख दुरुस्तच करू नये.

काही हट्टी एजंटांसाठी मागच्या दारानं जावं लागलं. मार्क रशिनोविच नावाच्या माणसानं पीएसएक्सेक म्हणून एक हत्यार लिहून ठेवलंय. 2006 मध्ये मायक्रोसॉफ्टनं त्याची कंपनीच विकत घेतली. हातात अ‍ॅडमिनचा पासवर्ड असला की बावड्यात बसून दुसऱ्या गावच्या मशीनला आज्ञा देता येते. पण हेच हत्यार चोरांनाही आवडतं. त्यामुळं मीच बसवलेल्या अँटिव्हायरसनं मलाच दारात धरलं.

शेवटी यादीत एकच नाव उरलं: 'बावडा-2'. आता हे कसब्यातलं की गगनातलं? तपास केल्यावर गगनबावड्याचं निघालं, आणि तेही झोपलेलं. झोपलेल्या मशीनला उठवायचा मंत्र असतो: सहा ठराविक बाइट पाठवायचे आणि मग त्याच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक सोळा वेळा पुकारायचा. शाखेतल्याच दुसऱ्या मशीनकरवी पुकारला. उत्तर नाही. शेवटी शाखेतल्या शिपाईमामांना फोन लावला.

"मामा, ते कोपऱ्यातलं मशीन बंद हाय काय?"

"मशीनचं काय घिऊन बसलाय? बोर्डावरचं बटणच बंद केलंय. वर वायर बी काढून ठेवलीया."

"का वो?"

"लाईट किती वेळा जातीया-येतीया हितं! जळालं तर भरून कोण देणार, तुमचा सर्वर?"

"मग चालू कधी करणार?"

"पाऊस उघडला की."

गगनबावड्याचा पाऊस. पुढच्या मासिक सभेत मी विषय मांडला, आणि जुना सर्वर दसऱ्यापर्यंत चालू ठेवणेत यावा, असा ठराव सर्वानुमते मंजूर झाला. लाईटबिलाचा विषय आयत्या वेळच्या विषयांत घेणेत आला.