तोंडाला वाफसा

गोळी चालू असते तोवर माणूस शिस्तीत राहतो. ओठ फुटतात, डोळे कोरडे पडतात, अधूनमधून रक्त तपासावं लागतं. पण पुटकुळ्या मावळताना दिसतात, म्हणून सगळं सोसवतं. खरी गंमत गोळी बंद झाल्यावर. आमच्या भाच्याची आयसोट्रेटिनॉइन थांबली आणि आरशात नवी पुटकुळी शोधणारा पोरगा जुन्यांनी मागं ठेवलेले खड्डे तपासू लागला.

आमच्या जिंतुरात या तपासणीला मदतनीस फुकट मिळतात. बसस्टँडवर भेटणारा ओळखीचा माणूस "कधी आलास?" विचारायच्या आधी "तोंडाला काय झालं रे?" विचारतो, आणि उत्तर यायच्या आत तुरटी सांगून मोकळा होतो. दुसरा लिंबू सांगतो, तिसरा मुलतानी माती. एका हितचिंतकानं तर रंग उजळायची ट्यूबच हातावर ठेवली. असल्या मलमांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. त्यानं कातडी पातळ होते, वर नव्या पुटकुळ्या येतात त्या वेगळ्याच. 2018 मध्ये केंद्र सरकारनं स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली खरी, पण हितचिंतकाला कुठली आली चिठ्ठी?

परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी आधी हिशेब वेगळे केले. काळे डाग हे व्रण नव्हेत. आग विझल्यावर राहिलेला तो रंग, उन्हापासून जपलं तर महिन्यांमागून महिने फिका होत जातो. खड्ड्यांचं तसं नाही. तिथं कातडीखालचं कोलॅजन गेलेलं असतं, त्यामुळे वरून चोपडलेल्या क्रीमनं ते भरत नाहीत. अरुंद आणि खोल खड्ड्यात जहाल आम्लाचा अगदी बारीक थेंब सोडतात; पसरट, लाटेसारखा असेल तर खाली ओढून धरणारे तंतू सुईनं तोडतात; बाकी मायक्रोनीडलिंग आणि लेझर. तेही बेतानं, कारण आपल्या सावळ्या कातडीवर लेझर जोरात मारला तर खड्डा राहतो बाजूला आणि नवा काळा डाग पडतो.

भाच्याला हे सगळं लगेच पाहिजे होतं. गोळी थांबल्यावर सहा महिने चेहऱ्याला हात लावायचा नाही, असा डॉक्टरांचा जुना दंडक. त्या काळात कातडी खरवडलेल्या काही रुग्णांना जाड, उंचवट्याचे व्रण उठल्याच्या नोंदी 1980च्या दशकात झाल्या, तेव्हापासूनचा. 2017 मध्ये तज्ज्ञांनी पुरावे पुन्हा चाळले आणि हलक्या उपचारांना एवढं थांबायची गरज नाही असं सांगितलं. पण खरवडणं आणि वरचा थर पार जाळणारा लेझर यांना अजूनही थांबाच.

दाजींना कोलॅजन कळलं नाही, थांबणं मात्र बरोबर कळलं. येलदरीच्या रस्त्याला त्यांचं काळ्या रानाचं शेत आहे. पाऊस उघडला म्हणून त्यात कुणी लगेच औत घालत नाही. वाफसा यावा लागतो, नाहीतर ढेकळं निघतात आणि वर्षभर छळतात. डॉक्टरीणबाईंचं अर्ध्या तासाचं बोलणं त्यांनी एका वाक्यात आणलं आणि गावभर सांगितलं: "पोराच्या तोंडाला अजून वाफसा नाही."

घरातल्या आजीला हा सगळा खटाटोप नवलाचा वाटतो. तिच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण आहेत, गालभर. देशातला देवीचा शेवटचा रुग्ण 1975चा. तिला त्याच्या कितीतरी आधी, लहानपणी आलेल्या. तिचं लग्न झालं, लेकरं झाली, नातवंडं झाली. व्रणांची चौकशी कुणी केल्याचं तिला आठवत नाही. "आम्हाला देवी आली व्हती बाप्पा," ती म्हणते, "ह्याला काय आलं म्हणून येवढं?" या प्रश्नाला डॉक्टरीणबाईंकडंही उत्तर नसावं.

सध्या भाचा सनस्क्रीन लावून, वरून दस्ती गुंडाळून शेतात जातो. परभणीच्या उन्हात सगळेच दस्ती गुंडाळतात, त्यामुळे तेवढ्यापुरता तो चारचौघांसारखा दिसतो. वाफशाची वाट बघायला ताई मात्र तयार नाही. तिनं स्थळं बघायला सुरुवातही केली. बायोडाट्यासाठी फोटो काढला, तर स्टुडिओवाल्यानं न सांगता कॉम्प्युटरवर सगळे खड्डे बुजवून दिले, तेही फोटोच्याच पैशात. पोराला बघून गेलेल्या मुलीकडच्यांचा परवा फोन आला: फोटो पसंत आहे, पण हा थोरला की धाकटा?