बस स्टँडवरचे साधक

धानाची दलाली करणारा माणूस बोलता बोलता डाव्या खांद्यामागं बघायला लागला, की गोंदियात नवख्याला वाटतं, वसुलीवाला आला. ओळखीच्यांना ठाऊक असतं, भाऊ मृत्यूचा सल्ला घेतायत. मृत्यू डाव्या खांद्यामागं हातभर अंतरावर उभा असतो, अडलं-नडलं तर त्यालाच विचारावं, असं मेक्सिकोतल्या याकी जमातीच्या डॉन जुआन नावाच्या मांत्रिकानं सांगून ठेवलंय. भाऊ ऐन सौद्यात विचारतात. तोवर गिऱ्हाईक दुसऱ्या दलालाकडं गेलेलं असतं.

डॉन जुआन भाऊंना भेटला तो कार्लोस कास्तानेदाच्या पुस्तकांत. पानं सुटलेली ती पुस्तकं भाऊंच्या पिशवीत धानाच्या नमुन्यांच्या पुड्यांशेजारी कायम असतात. कास्तानेदा लॉस एंजेलिसला मानववंशशास्त्र शिकत होता. १९६० मध्ये एका बस स्थानकावर आपल्याला हा म्हातारा भेटला, असं त्यानं लिहिलं. १९६८ मध्ये पहिलं पुस्तक आलं आणि पुढं त्याची पुस्तकं लाखांनी खपली. एवढ्या सगळ्यातून भाऊंनी कामाची गोष्ट तेवढी उचलली: गुरू बस स्टँडवर भेटतो.

तेव्हापासून ते गोंदियाच्या बस स्टँडवर बसतात. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव, कुठलीही गाडी येवो, उतरणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला निरखतात. एकदा एक जण थेट त्यांच्यापाशीच आला. भाऊ उठून उभे राहिले.

"आमगावची गाडी कुठी लागते जी?"

भाऊंनी डोळे मिटले. "बाबा, सगळ्या वाटा सारख्याच. कुठलीच कुठं पोचत नाही."

"म्हंजे आज गाडी नाही का?" म्हातारा चौकशीच्या खिडकीकडं गेला.

डॉन जुआनच्या याच शिकवणीत धोतरा येतो. त्याचा लेप लावून आपण उडालो, असं कास्तानेदा लिहितो. धोतरा आपल्याकडं उकिरड्यावरही उगवतो. भाऊंनी दोन बोंडं घरी आणली, तेव्हा वहिनींनी ती हातातून काढून घेतली. "धोतरा महादेवाले चालते, मानसाले नाही. तुमाले उलट्या झाल्या तर सरकारी दवाखान्यात कोन बसंन?" बोंडं देवघरात गेली. उड्डाण तूर्त स्थगित आहे.

शेजारच्या निवृत्त मास्तरांनी एकदा भाऊंची समजूत घालायचं मनावर घेतलं. १९७३ मध्ये 'टाइम' साप्ताहिकानं शोधून काढलं, की हा कास्तानेदा सांगतो तसा ब्राझीलचा नाही, पेरूचा आहे, आणि जन्मसालही वेगळं आहे. १९७६ मध्ये रिचर्ड डी मिल या लेखकानं त्याच्या पुस्तकांतल्या तारखांचा ताळा केला, तर त्या एकमेकींशी जुळेनात. डॉन जुआन दुसऱ्या कुणी पाहिलेलाच नाही. तरी विद्यापीठानं डॉक्टरेट दिली ती दिलीच.

भाऊंचा चेहरा खुलला. "तेच तर! स्वतःचा इतिहास पुसून टाका, ही त्याची शिकवणच आहे, मास्तर. आपल्या जिल्ह्यानं नाही का १९९९ मध्ये वेगळं होताना भंडारा पुसला?"

आपल्या थकलेल्या कर्जाचा इतिहासही त्यांनी पतसंस्थेच्या माणसापुढं पुसून पाहिला. तो जुना खेळाडू होता. "पुसा जी, खुशाल पुसा. खात्याचा उतारा आमच्याकडं हाय, अन् जामीनदार तुमचे सासरे हाय."

मास्तर शेवटी म्हणाले, "मेक्सिको कशाला? माघ पौर्णिमेला कचारगडला चला. ज्या गुहेत कोंडलेल्या मुलांना गोंडांच्या लिंगो आणि जंगो रायताडनं सोडवलं, ती आपल्या सालेकसा तालुक्यात आहे. राज्याराज्यांतून गोंड येतात. त्यांचा पुजारी, भुमका, पूजा करतो. तो खरा आहे, दिसतो, विचारलं तर उत्तरही देतो."

भाऊंना यातली शेवटचीच गोष्ट खटकली असावी. पिकतं तिथं विकत नाही, हे धानाच्या दलालाला सांगायला नको, आणि डॉन जुआननं तर आजवर त्यांना एकदाही उलट उत्तर दिलेलं नव्हतं. तरी ते गेले. दरेकसा स्टेशनवर उतरले, गर्दीबरोबर डोंगराच्या पायथ्याशी आले. पाठीवर पोतं घेतलेली एक म्हातारी त्यांना मागं टाकून वर निघाली, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया गेल्या, झेंडे गेले. भाऊंनी चढाकडं पाहिलं, मग डाव्या खांद्यामागं पाहिलं. ज्या वाटेला हृदय असतं तिनंच जावं, असं डॉन जुआन म्हणतो. या वाटेला ते नाही, असा निर्णय भाऊंनी पहिल्याच वळणावर, धापा टाकत, दिला आणि ते चहाच्या टपरीकडं उतरले.